पाच सुयांचा वृक्ष

कोकणच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर वाऱ्याची एक झुळूक आली की डोक्यावर उठणारा तो सुं-सुं आवाज तुमच्या ओळखीचा असेल. आज ज्या झाडाविषयी सांगायचे आहे, त्याची अर्धी ओळख तुम्हाला तेवढ्यानेच झाली. अर्धीच म्हणतो, कारण सुरू काही पाइनच्या कुळातला नव्हे. पांढरा पाइन पाहायचा तर उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात जावे लागेल. न्यूफाउंडलंडपासून मिनेसोटापर्यंत आणि दक्षिणेकडे जॉर्जियाच्या डोंगरांपर्यंत त्याचा मुलूख पसरला आहे.

हे झाड ओळखायचे कसे? अगदी सोपे आहे. फांदीवरून सुयांचा एक झुबका काढा आणि मोजा. पाच भरल्या की तो पांढरा पाइन. त्याच रानातल्या तांबड्या पाइनच्या झुबक्यात दोनच सुया असतात. आपल्या हिमालयात वाढणारा कैलही पाच सुयांचा, म्हणजे ह्याचा भाऊबंदच. पांढऱ्या पाइनचे वयही कळते बरं का! दर वर्षी खोडाभोवती फांद्यांचे एक नवे कडे फुटते. कोवळ्या झाडाची कडी मोजावीत, वय हाती येते. असे वाढत वाढत ते दीडशे फुटांवर जाते आणि दोनशे वर्षे सहज पाहते. गरुड त्याच्या शेंड्याकडे घरटे बांधतात. खारी त्याच्या शंकूंतले बी खातात.

हॉडेनोशोनी, म्हणजे इरोक्वा म्हणून ओळखले जाणारे तिथले मूळचे लोक, ह्या झाडाला शांतिवृक्ष मानतात. आपसांत लढणाऱ्या पाच जमातींनी आपली शस्त्रे ह्याच झाडाखाली पुरली आणि एकी केली, असे त्यांची परंपरा सांगते. शेंड्यावरचा गरुड संकट येताना दिसले की सावध करतो, आणि झाडाची पांढरी मुळे चारी दिशांना शांततेची वाट दाखवतात.

पुढे गोरे लोक आले. त्यांना ह्या सरळसोट, हलक्या खोडात गलबताची डोलकाठी दिसली. इंग्रजांच्या आरमाराला अशा काठ्या हव्याच होत्या. 1691 च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत, कोणा खाजगी मालकाच्या नसलेल्या जमिनीवरची दोन फूट व्यासाची वा त्याहून जाड झाडे राजासाठी राखून ठेवण्यात आली. अशा झाडांवर कुऱ्हाडीने बाणाची खूण करीत. लोकांना हे कसे रुचावे? 1772 साली न्यू हॅम्पशायरमधल्या वेअर गावी लोकांनी राजाच्या अधिकाऱ्यांना ह्यापायी चोप देऊन पिटाळले!

राजा गेला, पण कुऱ्हाड काही थांबली नाही. एकोणिसाव्या शतकात मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा इथली रानेच्या राने लाकडाच्या गिरण्यांत गेली. मिशिगनमध्ये हार्टविक पाइन्स येथे जुन्या रानाचा सुमारे 49 एकरांचा तुकडा तेवढा जपलेला आहे.

आता खरी सांगायची गोष्ट पुढेच आहे. उजाड झालेल्या जमिनीवर पुन्हा पाइन लावावा, असे शहाण्या लोकांच्या मनात आले. युरोपात हे झाड पूर्वीच नेलेले होते आणि तिथल्या रोपवाटिकांत रोपे स्वस्त मिळत. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लक्षावधींनी मागवली गेली. त्या रोपांबरोबर एक पाहुणा आला. गव्हावर पडतो तशाच जातीचा तांबेरा! ही बुरशी पाइनवरून सरळ दुसऱ्या पाइनवर जात नाही. मध्ये तिला करंट किंवा गूजबेरीचे झुडूप लागते. त्या झुडपाच्या पानांवरून उडालेले बीजाणू पाइनच्या सुईतून आत शिरतात, फांदीच्या सालीत पसरतात, आणि खोडाला वेढा पडला की वरचे झाड वाळते. त्यापायी रानोरान ती झुडपे उपटण्याची मोहीम काढावी लागली.

राजाने झाड तोडले, व्यापाऱ्याने तोडले, ते समजण्यासारखे आहे. पण हा रोग आणला तो झाड लावणाऱ्या हातांनी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. रोप कोठून आले, त्याच्याबरोबर काय आले, एवढेच पाहायचे राहून गेले.

म्हणून तुमचे कोणी आप्त त्या देशात राहत असतील आणि अंगणात पांढरा पाइन लावणार असतील, तर त्यांना चार गोष्टी जरूर कळवा. रोप जवळपासच्या खात्रीच्या रोपवाटिकेतले घ्यावे. जागा निचऱ्याची हवी, आणि रस्त्यापासून दूर. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ ह्या झाडाला सोसत नाही. आसपास करंट लावू नये, आणि खालच्या फांद्या वेळेवर छाटाव्यात, कारण तांबेरा बहुधा तिथूनच शिरतो. आणि शरद ऋतूत आतल्या सुया पिवळ्या पडून गळू लागल्या, तर घाबरू नये. त्या जुन्या सुया असतात. नव्या शेंड्याकडे हिरव्याच राहिलेल्या दिसतील.

आपल्या परसात पाइन लावायचा प्रश्न येत नाही, हे खरे. पण परदेशातून आलेल्या गाजरगवताने आपली शेते कशी व्यापली, ते आपण पाहिलेच आहे. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडी रोप विकत घ्याल, त्या वेळी त्याची पाने उलटून पाहा, मुळाशी लागलेली माती पाहा, आणि विकणाऱ्याला एवढे विचारा, "हे आलं कुठून?"