मुलांच्या पावलांनी तंजावर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्यासारख्या साध्या प्रापंचिकांना आज येथे उभे केले, त्याचे कारण एवढेच की, २०२५ च्या डिसेंबरात आम्ही उभयता आमची दोन मुले आणि मातोश्री यांना घेऊन मोटारीने पुण्याहून तंजावरास गेलो आणि सुखरूप परत आलो. जाण्याची वाट सुमारे साडेबाराशे किलोमीटरांची. हा काही पराक्रम नव्हे. मालमोटारींचे चालक अशा वाटा वर्षभर तुडवीत असतात. परंतु नऊ वर्षांची कन्या आणि पाच वर्षांचे चिरंजीव बरोबर असले म्हणजे रस्ता तोच राहतो आणि प्रवास मात्र निराळा होतो. ही गोष्ट निघताना आम्हाला ठाऊक नव्हती. एका संध्याकाळी ती कळली, आणि मोल न देता कळली हे आमचे भाग्य. ती हकीकत आपणापुढे ठेवावी, एवढाच आमचा हेतू आहे.

तंजावरच का, असे अनेकांनी विचारले. कन्या यंदा चौथीत आहे. शिवछत्रपतींचा इतिहास वाचताना तिने एके रात्री विचारले, "महाराजांचे भाऊ इतक्या दूर का राहत होते?" व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि भोसल्यांची ती गादी १८५५ पर्यंत चालली, एवढे आम्ही सांगितले. पण 'इतक्या दूर' म्हणजे किती दूर, हे पुस्तकातून कसे सांगावे? तेव्हा नाताळच्या सुट्टीला थोडी रजा जोडून प्रत्यक्षच जावे असे ठरले.

आम्ही नकाशा मांडून बेत केला. पहिल्या दिवशी चित्रदुर्ग, दुसऱ्या दिवशी तिरुवण्णामलै आणि तिसऱ्या दिवशी तंजावर. कागदावर बेत निर्दोष दिसत होता. त्यात उणीव एकच होती. किलोमीटरांचा हिशेब होता, मुलांचा नव्हता.

पहाटे पाचला निघालो. खंबाटकीचा घाट येईपर्यंतच चिरंजीवांच्या पोटात ढवळू लागले. ते खाली मान घालून मोबाइलवर चित्रे पाहत होते. गाडी लागण्याचे कारण साधे आहे. डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत. या भांडणात पोट हरते. मोबाइल काढून घेतला, खिडकी उघडली, दूरचा डोंगर पाहावयास लावले आणि तासाभरात मूल ताजेतवाने झाले. पण त्या दिवशी आम्हाला थांबणे जिवावर येत होते. कोल्हापूर गेले, बेळगाव गेले, धारवाड गेले. पेढे घ्यायलाही खाली उतरलो नाही. मुलगी म्हणे, "जरा चालू या ना." आम्ही म्हणू, "पुढच्या गावी." असे पुढचे गाव दिवसभर पुढेच राहिले.

हुबळी ओलांडली तेव्हा ऊन उतरले होते. हावेरीच्या अलीकडे अंधार पडला. मागे मातोश्री आणि नातू झोपले होते. पुढे आम्हां दोघांपैकी एकजण गाडी चालवीत होता आणि दुसऱ्याने जागे राहून सोबत करावयाची, असा करार होता. सोबत करणारा झोपला होता. आणि चालविणाऱ्याचे डोळे, क्षणभरच का होईना, मिटले होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "गाडी पांढऱ्या रेषेवरून का चालली आहे?"

कन्येच्या वहीत वाटेतली गावे आणि मैलाचे दगड लिहिण्याचे काम होते, म्हणून ती जागी होती. गाडी सावरली. डाव्या हाताला, रेषेच्या पलीकडे, एक मालमोटार दिवे न लावता उभी होती. कोण गाडी चालवीत होते हे आम्ही येथे सांगणार नाही, कारण दोष दोघांचा होता. पहाटे पाचपासून जागलेल्या माणसाने अंधारात गाडी हाकणे हे चूक, आणि ते चालू देणे हीही चूकच.

पुढे गावात एका साध्या लॉजपुढे थांबलो. खोल्या लहान, पण स्वच्छ होत्या. लॉज चालविणाऱ्या बाईंना मराठी येत नव्हते, आम्हाला कानडी येत नव्हते. मुलांचे चेहरे पाहून त्यांनी काही न विचारता गरम भात आणि सारू आणले आणि धाकट्यासाठी दूध तापविले. सकाळी दुधाचे पैसे देऊ केले तर त्यांनी हात जोडले. येथे जमलेल्या आपणा सर्वांना ज्ञातीचा अभिमान आहे, आम्हालाही आहे. परंतु त्या रात्री आमच्या मुलांच्या मुखी घास घालणारी माउली आमच्या ज्ञातीची नव्हती, भाषेचीही नव्हती. हे मुलांनी पाहिले, आणि आम्हीही पाहिले.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. मातोश्रींच्या सर्व काही लक्षात आले होते. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "अरे, तंजावर काही पळून जात नाही. साडेतीनशे वर्षे थांबले आहे, आणखी तीन दिवस थांबेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुना कागद फाडला आणि मुलांना जवळ बसवून नवे नियम केले. सूर्य मावळण्यापूर्वी मुक्काम. दिवसाला फार तर तीनशे किलोमीटर. दर दोन तासांनी सर्वांनी खाली उतरावयाचे आणि दहा मिनिटे चालावयाचे. दुपारच्या जेवणानंतर सुस्ती येते, तेव्हा अर्धा तास सावलीत गाडी उभी. प्रत्येकाला एक काम. कन्येकडे वही, चिरंजीवांकडे पाण्याच्या बाटल्या आणि 'सर्वांचे पट्टे लावले का' हे पाहणे. हे काम त्यांनी ठाणेदाराच्या कडकपणाने केले. पट्टा लावल्यावाचून आजीचीही सुटका होत नसे. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने अथवा बालकासनाने सुरक्षित न बसविल्यास २०१९ च्या सुधारित मोटार कायद्याने एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा पाच वर्षांच्या पोलिसाची भीती अधिक उपयोगी पडते, हा आमचा अनुभव आहे.

आता या मंदगतीचा लाभ ऐका. आमच्या मूळ बेतात होदिगेरे हे नावच नव्हते. दावणगिऱ्यास लोण्याचा डोसा खाण्यासाठी निवांत बसलो असता सहज नकाशा उघडला, आणि चन्नगिरी तालुक्यातील हे गाव हाताशीच असल्याचे ध्यानी आले. १६६४ च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला, तो येथेच. त्यांची समाधी साधी आहे. तेथे गर्दी नव्हती. आम्ही पाचजण आणि वाऱ्याचा आवाज. कन्येने विचारले, "म्हणजे व्यंकोजीराजांचे आणि महाराजांचे बाबा एकच?" आम्ही होय म्हणालो. दोन मुलांपैकी एकाचे राज्य सह्याद्रीत, दुसऱ्याचे कावेरीकाठी, आणि पित्याची समाधी मध्येच वाटेवर. ते सारे तिला तेथे उभे राहून एका क्षणात उमगले. वेगाने गेलो असतो तर हे ठिकाण दूर डाव्या-उजव्या हाताला कोठेतरी राहून गेले असते.

चित्रदुर्गाच्या सात तटांत चिरंजीव रमले. अठराव्या शतकात हैदर अलीचे शिपाई एका चिंचोळ्या फटीतून आत शिरत असता पहारेकऱ्याची बायको ओबव्वा हिने मुसळाने त्यांना एकामागून एक लोळविले, अशी कथा तेथे सांगतात. ती फट मुलांनी स्वतः रांगत पार केली. पुढे दोन दिवस गाडीत मुसळाखेरीज विषय नव्हता.

बंगळूर ही एकेकाळची शहाजीराजांची जहागीर. तेथे मुक्काम करून पुढे तिरुवण्णामलैस आणि सकाळी जिंजीस गेलो. महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला आणि राजाराममहाराजांनी मोगलांच्या वेढ्यात १६९८ पर्यंत सांभाळलेला हा किल्ला. युनेस्कोने २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांतील महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. राजगिरीच्या अर्ध्या चढावर चिरंजीव दमले. पूर्वीचे आम्ही असतो तर त्यांना ओढत वर नेले असते. या वेळी तेथेच बसून संत्री सोलली, खालची धान्याची कोठारे पाहिली आणि उतरलो. शिखर राहिले याची खंत कोणालाही वाटली नाही.

वाटेत एकदा धाकट्याचे पोट बिघडले. तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरचे पेय घोट घोट पाजले. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ मापाबाहेर जाऊ देऊ नये. साखर-मिठाची डबी आणि चमचा गाडीत असावाच. औषधाचे दुकान पुढे लागेल या भरवशावर राहू नये. मूल गळून गेले, लघवी कमी झाली अथवा पाणीही पोटात ठरेना, तर मात्र प्रवास तेथेच थांबवून डॉक्टर गाठावा.

कुंभकोणमला मुक्काम करून सहाव्या दिवशी सकाळी तंजावरास पोहोचलो. कन्येच्या वहीत तोवर पाट्यांवरची कितीतरी अक्षरे तिने चित्रासारखी काढून घेतली होती. कानडी गोल, तमिळ ठसठशीत. एकही वाचता येत नसे म्हणून ती थोडी हिरमुसली होती. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या प्रचंड मंदिरात आम्ही भिंतीच्या कडेने चालत होतो. तेथे सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा दीर्घ मराठी शिलालेख आहे. आम्ही तो दाखविण्यापूर्वीच ती थांबली. बोटाने एक अक्षर, मग दुसरे, असे तिने जुळवीत नेले आणि मोठ्याने म्हणाली, "आजी, हे मला वाचता येते!"

मातोश्रींनी डोळ्यांना पदर लावला. 'इतक्या दूर' म्हणजे किती, याचे उत्तर मुलीला मिळाले होते. सहा दिवस, तीन लिप्या, आणि शेवटी पुन्हा आपले अक्षर.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या दारी आता मोटार आहे, रस्तेही रुंद झाले आहेत. मुलांना घेऊन अवश्य निघा. मात्र बेत करताना आधी मुलाचा दिवस मांडा. त्याचे खाणे, झोप, चालणे, कंटाळा. त्यातून जेवढे किलोमीटर उरतील तेवढाच आपला रस्ता. गाठावयाचे ठिकाण राहून गेले तर पुन्हा जाता येते. हावेरीच्या अलीकडची ती पांढरी रेषा आम्हाला अजून स्वप्नात दिसते, आणि प्रत्येक वेळी मागून एका मुलीचा आवाज येतो. तो आवाज ऐकण्याचे भाग्य आम्हाला लाभले. सर्वांनाच लाभते असे नाही. म्हणून हे चार शब्द.