आलांसोंचा टाका



हस्तकलेच्या या संमेलनात स्वागत समिती सर्वांचे मनापासून स्वागत करते. हे स्वागत करताना एका दूरच्या गावाची आठवण समितीला मोलाची वाटते. ते गाव म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातले, सार्थ नदीकाठचे आलांसों.

सतराव्या शतकात फ्रेंच सरदार-दरकदार व्हेनिसच्या लेसवर पाण्यासारखा पैसा ओतत होते. तो पैसा देशातच राहावा म्हणून चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने 1665मध्ये लेसचे राजाश्रित कारखाने उभारले. आलांसोंच्या बायकांच्या हाती सुईची लेस आधीपासून होतीच. व्हेनिसचे कसब आत्मसात करून त्यांनी स्वतःचा टाका घडवला आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले.

हा टाका असा घडतो: चर्मपत्रावर नक्षी टोचायची, तिच्या कडेने धागा बसवायचा, मधली जाळी विणायची, फुलापानांत दाट भरणी करायची, मग कडांना उठाव द्यायचा. त्या उठावात घोड्याचा केस घालण्याची रीत आहे. शेवटी पात्याने लेस चर्मपत्रावरून सोडवायची, धाग्यांचे तुकडे वेचायचे आणि शेवंडाच्या नांगीने भरणी घासून चकचकीत करायची. नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर लेसला सात तास लागतात.

झेली मार्तें ही याच गावची लेसकार. घरोघरच्या कारागिणींनी विणलेले तुकडे ती असे सांधायची की जोड दिसू नये. तिचा व्याप सांभाळायला नवऱ्याने घड्याळांचे दुकान सोडले. त्यांची 1873मध्ये जन्मलेली मुलगी म्हणजे संत तेरेझ. तिचे नाव महाराष्ट्रातल्या कॅथलिक घरांना परके नाही.

पुढे यंत्राची स्वस्त लेस आली आणि हातकामाची मागणी आटली. विसाव्या शतकात गावाची चूल पेटली ती मुलिनेक्स कंपनीच्या स्वयंपाकघरातील उपकरणांच्या कारखान्यावर. 2001मध्ये तोही कारखाना बंद पडला.

टाका मात्र टिकला, कारण त्याला बाजाराच्या भरवशावर सोडले नव्हते. 1976मध्ये सरकारने आलांसोंत राष्ट्रीय कार्यशाळा काढली. तिथल्या लेसकार पगारी आहेत. हे काम पुस्तकातून येत नाही. जाणत्या बाईच्या शेजारी बसून सात ते दहा वर्षे हात बसवावा लागतो. युनेस्कोने 2010मध्ये या कौशल्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

हात बसेपर्यंतच्या त्या वर्षांत शिकणारीच्या घरचा खर्च कोणी चालवायचा? या संमेलनाने हा प्रश्न सर्वांत आधी हाती घ्यावा, अशी स्वागत समितीची कळकळीची विनंती आहे. म्हणूनच मंडपातली पहिली रांग शिकाऊ मुलामुलींसाठी राखली आहे. त्यांनी पुढे येऊन बसावे. पहिले स्वागत त्यांचे.