दिंडीतली जागा



 आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मला सांगितलं, महाराज, आज कीर्तन नको, चार शब्द बोला. म्हणून अभंग न लावता उभा राह्यलोय.

लहानपणी पोलिओनं माझा डावा पाय गेला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाला, नातवंडांना आता रोगाचं नाव पण माहीत नाय. गावात मला पांगळ्या म्हणत. पुढं सरकारी कागदावर अपंग झालो, आता दिव्यांग आहे. २०१६ च्या कायद्यात आमचे २१ प्रकार लिहिलेत. नाव बदलत गेलं, लोकलची पायरी तेवढीच उंच राह्यली. अंबरनाथचं शिवालय शके ९८२ चं. तिथं देव खाली बसलाय, पायऱ्या उतराव्या लागतात. मी वरूनच हात जोडतो. दिंडीत मात्र पहिल्या दिवशीच मला कुणीतरी ‘माउली’ म्हणून पाणी दिलं. त्या नावाला मी अजून ओ देतो.

आता माझं सोडा. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. तिथं अंध माणसांची पुष्कळ बिऱ्हाडं आहेत. खोलीचं भाडं परवडतं म्हणून लांबलांबच्या जिल्ह्यांतून आली, लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरतात. २०२१ च्या एप्रिलात त्या फलाटावर एका अंध आईचं लेकरू रुळावर पडलं. समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके धावला, पोराला वर घातलं, आणि पुढं बक्षिसातला अर्धा वाटा त्याच घराला दिला. साऱ्या देशानं ते पाह्यलं. नंतर ती माणसं पुन्हा गर्दीत मिसळून गेली.

त्यातले काही आपल्या भजनाला येतात. एकाला विचारलं, दादा, तुमचं घर कुठलं? तो मराठवाड्याचा. म्हणाला, “महाराज, फलाटापासून पावलं मोजून जिथं थांबतो ते घर.” त्याला स्टेशनं कानानं कळतात. गाडीत सिंधी बोलणं वाढलं की उल्हासनगर आलं. फाळणीनंतर ती माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत आली. घरदार तिकडं राह्यलं, भाषा तेवढी संगं आली. आम्ही अजून त्या गावाला कॅम्पच म्हणतो. आणि आमचं आगरी ‘नाय’, ‘कवा’ ऐकू आलं की बदलापूर. चौथी शिकलेला मी, कीर्तनात पुस्तकी बोलायला जातो, पण त्याला माझ्या कुबडीचा आवाज आणि ‘नाय’ ह्यावरूनच मी कळतो.

त्यानं मला एक अवघड प्रश्न केला. “कीर्तनात अज्ञानी माणसाला आंधळा का म्हणता?” मी म्हटलं, नाथमहाराजांनी भारुडात आंधळा, बहिरा, मुका घेतला तो स्वतःच्या तोंडी, दुसऱ्याला नाव ठेवायला नाय. आणि गुलाबराव महाराज बघा. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली, स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या मानत, ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ सांगितले. तो म्हणाला, “ते महाराज होते. मी पेनं विकतो.” ह्यावर मला उत्तर आलं नाय. अजून शोधतोय.

ह्या लोकांना आपण पेटी वाजवायला बोलावतो, वारीला नेत नाय. म्हणतात, वाटेत जबाबदारी कोण घेणार? देवाला सगळं कळतं, घरी बसून नाम घ्या. आणि वर कूर्मदासाचा दाखला देतात! हातपाय नसलेला कूर्मदास, त्याला भेटायला पांडुरंग लऊळला आला. खरंय. पण तो पैठणहून निघाला होता ना? अंग घासत लऊळपर्यंत आला, तेव्हा देव पुढं आला. पैठणातच बसला असता तर ही कथाच झाली नसती. दिवे घाटात मी सामानाच्या ट्रकात बसतो. त्यानं माझी वारी मोडली असं कुणी म्हटलं नाय. मग त्यांच्या वेळी एवढा विचार कशाला?

माझं मागणं एवढंच. अंध वारकऱ्याला टाळकऱ्यांच्या रांगेत मधली जागा द्या, ट्रकात नको, त्याचे पाय धड आहेत. शेजारच्यानं खांदा द्यायचा. सकाळी मुक्काम हलवताना पाणी आणि आडोसा कुठल्या बाजूला ते त्याला सांगायचं. एवढ्याला काय खर्च आहे?

वांगणीचे दोघं तयार आहेत. खांदा देणाऱ्यांनी आरती झाल्यावर विणेकरी महाराजांकडं नाव सांगा. त्यातल्या एकाची बायको पण अंध. ती विचारत होती, डोक्यावर तुळस घेऊन मी आले तर चालेल का? मी तिला हो सांगून बसलोय.