आधी सदरा काढायला सांगा

आजपासून डॉक्टर झालेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमच्यातले बरेचजण आता बॉण्ड पुरा करायला प्राथमिक आरोग्य केंद्रात जाल. तिथे दुर्मीळ आजार क्वचित भेटतील, खाज मात्र रोज भेटेल. त्वचारोगाच्या किती क्लिनिकना तुम्ही खरोखर हजर होता, हे मी विचारत नाही; पालक समोर बसले आहेत.

जांघेत, कमरेला गजकर्ण घेऊन येणाऱ्याच्या खिशात बहुधा मेडिकलमधून आणलेली ट्यूब असते. ती मागून घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड, एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक, असा सगळा मसाला त्यात सापडेल. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, कड पुसट होते आणि बुरशी निवांत पसरते. १९६८ मध्ये आइव्ह आणि मार्क्स यांनी या ओळख हरवलेल्या गजकर्णाला ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हटलं. आपल्या सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांत टाकली; दुकानाच्या काउंटरवर त्याचा किती उजेड पडला, ते तुम्ही बघालच. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांत सापडलेल्या बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव दिलं. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून निदान झाल्याशिवाय स्टेरॉइड लिहू नका. खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायला सूक्ष्मदर्शक पुरतो, आणि तो थुंकी तपासण्यासाठी बहुतेक केंद्रांत असतोच.

दुसरं, रुग्णाला सदरा काढायला सांगा. बाईमाणूस असेल तर सिस्टरना सोबत घ्या, पण पाठ पाहा. खिडकीच्या उजेडात पाहा. पुस्तकातली लाली गोऱ्या कातडीवरची असते. आपल्या सावळ्या अंगावर ती जांभळट, तपकिरी दिसते किंवा दिसतच नाही. तिथे बोट फिरवा, ऊब आणि कडकपणा हाताला कळतो.

फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून कापसाची वात टेकवा आणि ‘कुठं लागलं, बोट ठेवा’ म्हणा. कोपरामागची नस चाचपा. पोराच्या गालावरचे पांढरे डाग घरचे जंतांच्या किंवा कॅल्शियमच्या नावावर खपवतात. ते बहुतेक निरुपद्रवी असतात, पण बधिर चट्टा तसा नसतो, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. डिसेंबर २००५ मध्ये देशात कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, शून्य नव्हे. गडचिरोली, चंद्रपूरला जाणाऱ्यांना हे लवकरच कळेल. बहुविध औषधोपचार फुकट मिळतो, सहा किंवा बारा महिन्यांचा. मेलेली नस मात्र त्याने परत येत नाही.

खरजेला पर्मेथ्रिन. मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि आठवड्याने पुन्हा. सहाजणांच्या घराला एक ट्यूब देणं म्हणजे औषध वाया घालवणं. खाज नंतरही दोन-तीन आठवडे राहते, हे आधीच सांगून टाका. नाहीतर ते पुन्हा मेडिकल गाठतील.

आणि फिट्सची किंवा दुसरी कुठली नवी गोळी सुरू केल्यावर ताप, तोंडात फोड आणि सोलणारी कातडी घेऊन कुणी आलं, तर मलम शोधत बसू नका. गोळी तिथेच बंद करा, १०८ बोलवा, आणि गोळ्यांचं पाकीट रुग्णाबरोबर गाडीत द्या.