वाघदेवापाशी



जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही बालकांचे वजन घ्यायला जात असू. एका आजोबांनी नातवाला दाराआड घेतले. "तुमच्या काट्यावर बसलं की पोर तुमच्या देवाचं होतं," म्हणाले. मी समजावले, वाद घातला, शेवटी चिडलो. परतताना जीपमध्ये बोलून गेलो, "दगडाला पुजणारी माणसं, यांना काय कळणार!" त्याच पाड्याची आमची सेविका मागे बसली होती. ती गप्प राहिली. थेऑलॉजीचा डिप्लोमा घेतलेल्या मला त्या दिवशी मत्तय 7:1 आठवले नाही.

वाघबारशीला तिनेच मला पाड्यावर बोलावले. वाटेत मी तिची माफी मागितली. गुराख्यांनी वाघदेवापुढे नारळ फोडला, रानात गुरेमाणसे सुखरूप राहावीत म्हणून. प्रसाद मी घेतला नाही, पण शेवटपर्यंत आजोबांशेजारी बसलो. त्यांनी विचारले, "तुमचा देव गुरं राखतो का?"

"मेंढरं राखतो," मी म्हणालो. ते हसले.

नातवाचे वजन अजून झालेले नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत. त्या घरासाठी प्रार्थना करा, आणि माझ्या जिभेसाठीही.