अकरावीचे माहिती तंत्रज्ञान आणि आपली मुले

(विहारात भरलेल्या पालकसभेत एका वकिलाने केलेले भाषण)



दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाने अकरावीस कोणते विषय घ्यावेत, हा प्रश्न आपल्या घरात साधारणतः प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा महाविद्यालयाचा कारकून देतो. आज मी त्यांपैकी एकाच विषयाविषयी बोलणार आहे. तो विषय म्हणजे माहिती तंत्रज्ञान. आपल्या राज्य मंडळाने अकरावी-बारावीस कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांसाठी तो ठेवलेला आहे. बारावीस ८० गुणांची परीक्षा संगणकावर होते आणि २० गुण प्रात्यक्षिकास असतात. असे असूनही "कला शाखेस हा विषय नसतो" असे सांगून मुलींना परत पाठविल्याच्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या आहेत. विषय त्या महाविद्यालयात नसेल. शाखेस तो आहे. या दोन गोष्टींतील भेद पालकांनी नीट ध्यानात घ्यावा.

विषय नाकारला जाणे हे आपल्या समाजास नवीन नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. ते नाकारले गेले म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या बळावर हस्तगत केले. परंतु तेवढे बळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगी असावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. आज कोणी जातीचे नाव घेऊन विषय नाकारीत नाही. फी वेगळी पडेल, प्रयोगशाळेत जागा नाही, तुमच्या मुलाला झेपणार नाही, अशी कारणे पुढे केली जातात. शेवटचे कारण तर आपल्याच घरातील वडील मंडळीही देतात.

पुष्कळांची समजूत अशी की, मुलगा दिवसभर मोबाइल चालवितो, तेव्हा त्याला हे सर्व येतेच. एस.टी.त बसणाऱ्यास एस.टी.चे इंजिन कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. या विषयात संकेतस्थळ कसे बांधतात, प्रोग्रॅममध्ये अट कशी घालतात, माहितीचा साठा म्हणजे डेटाबेस कसा रचतात, हे शिकविले जाते. डेटाबेस हा वास्तविक रकान्यांचा तक्ता आहे. रकाने कोणते असावेत, हे तक्ता आखणारा ठरवितो. आणि जो रकाना आखलाच नाही, त्यात आपणास काहीही लिहिता येत नाही. अटीचेही तसेच. अमुक असेल तर पुढे जा, नसेल तर थांब, असे कोणीतरी माणसाने यंत्रास सांगितलेले असते. यंत्राला स्वतःचे मत नाही.

अट म्हणजे काय, हे आपल्याला सांगावयास नको. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदात एक अट होती. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे लक्षावधींनी धम्मदीक्षा घेतली, आणि केंद्राच्या सवलतींच्या बाबतीत ती माणसे त्या एका वाक्याबाहेर पडली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा उल्लेख तेथे आला. मध्ये ३४ वर्षे गेली. ती अट राजपत्रात छापलेली होती. ती वाचता येत होती, तिच्याविरुद्ध मोर्चे काढता येत होते. यंत्रातील अट दिसत नाही. ती तेथे असू शकते, एवढे ओळखण्यासाठीसुद्धा शिक्षण लागते.

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकिगत सांगतो. मुलीचा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज संगणक पुनःपुन्हा परत करी. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने सल्ला दिला, "धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा, म्हणजे काम होईल." वडिलांनी नुकतीच दीक्षा घेतलेली. ते रात्रभर झोपले नाहीत. पण मुलीच्या फीसाठी ते तेही करावयास तयार झाले होते. मुलगी माहिती तंत्रज्ञान घेऊन अकरावीत शिकत होती. तिने अर्ज स्वतः उघडून पाहिला. धर्माच्या यादीत बौद्ध होते. जातीचा रकाना स्वतंत्र होता. अडचण भलतीकडेच होती. आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता. माणूस तो फरक डोळ्याआड करतो. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसे. नाव दुरुस्त झाले, धर्म कायम राहिला. माझ्यासारख्या वकिलाचे काम त्या मुलीने केले, आणि खरे सांगावयाचे तर ते तिने लवकर केले.

अकरावीच्या अभ्यासक्रमात सायबर कायद्याचाही भाग आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरविले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले, म्हणून २०२२ साली न्यायालयास पुन्हा निर्देश द्यावे लागले. जयंतीच्या दिवसांत मोबाइलवर चार शब्द लिहिणाऱ्या आपल्या तरुणांनी हे माहीत करून घेतलेच पाहिजे.

मुलींच्या बाबतीत थोडे स्पष्ट बोलतो. मुलीच्या हाती मोबाइल नको, संगणकवर्गास संध्याकाळी पाठविणे नको, असे आपल्यातही म्हटले जाते. केरळात कोझिकोड जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीस वसतिगृहातील मोबाइलबंदी मान्य न केल्याबद्दल वसतिगृहातून काढण्यात आले. ती न्यायालयात गेली. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे मान्य करून तिला परत घेण्यास सांगितले. वसतिगृहाविरुद्ध न्यायालयात जाता येते. बापाविरुद्ध कोणती मुलगी जाणार?

एक सावधगिरी. पुष्कळ ठिकाणी हा विषय दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येत आला आहे, आणि गुण अधिक मिळतात म्हणून मुले मराठी सोडून देतात. माझे मत विचाराल तर, अन्य विषयाच्या जागी तो बसत असेल तर मराठी सोडू नये. ज्याला अर्ज भरता येतो पण अर्जाविरुद्ध निवेदन लिहिता येत नाही, त्याची धाव अर्धीच.

फीविषयी एवढेच की, या विषयासाठी वेगळी रक्कम मागितली तर ती कोणत्या आदेशाने, हे लेखी विचारावे. ती शिष्यवृत्तीत मिळते काय, हे प्रवेशापूर्वी विचारावे. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. अनुदानित महाविद्यालयाकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मात्र प्रवेशाच्या धांदलीत ३० दिवस फार होतात. यास्तव निकालाची वाट न पाहता आताच विचारणा करावी.

ज्यांची मुले यंदा दहावीस आहेत, त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर थांबावे. येताना मुलाचा शाळेचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार कार्ड आणावे. तिन्ही कागदांवरील नाव अक्षर न् अक्षर जुळते काय, हे आपण प्रथम पाहू. आणि मुलालाही सोबत आणावे. कागद वाचण्याचे काम त्यालाच करावयाचे आहे.