राजाचं रान, जमीनदारांचं पार्लमेंट आणि आपण

(अभ्यास शिबिरात दुसऱ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. पाड्यापाड्यांत वाचून दाखवता यावा म्हणून छापत आहोत.)



काल चर्चेत प्रश्न निघाला होता. ज्या इंग्रजांनी आपल्यावर जंगल कायदा लादला, त्यांच्या देशात आजही राजगादी आहे. मग तिथं लोकांचं राज्य कसं आलं? राजानं आपण होऊन सत्ता सोडली काय? आज आम्हांला यावरच बोलायचं आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. राजानं काहीही आपण होऊन सोडलं नाही. सातशे वर्षं लागली. आणि ज्यांनी रेटा दिला, त्यांना त्यांच्यापुरतंच मिळालं. बाकीचे बाहेरच राहिले.

सुरुवात जंगलापासूनच करावी लागते. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. त्याला आणि त्याच्या वारसांना शिकारीचा भारी नाद. त्यांनी मोठमोठे मुलूख 'राजाचं जंगल' म्हणून जाहीर केले. जंगल म्हणजे नुसती झाडी नव्हे. त्या हद्दीत गावं होती, शेतं होती, कुरणं होती. हद्द आखली की आत राजाचा वेगळा कायदा. विल्यमच्या काळात हरीण मारणाऱ्याचे डोळे काढत. लाकूड तोडलं, नवं रान नांगरलं, की दंड. आणि राखणदार गावात शिरून धान्याच्या पेंढ्या, कोकरं, डुकराची पिल्लं उचलून नेत. आपल्याकडं कोंबडी नेतात, तिथं कोकरू. फरक तेवढाच.

पुढं जॉन नावाचा राजा झाला. लढायांसाठी त्यानं सरदारांकडून वारेमाप पैसा उकळला. सरदार उठले, लंडन ताब्यात घेतलं, आणि १५ जून १२१५ रोजी थेम्स नदीकाठी रनीमीडच्या कुरणात राजाकडून एक सनद कबूल करून घेतली. तिचं नाव मॅग्ना कार्टा. त्यातलं एक कलम फार मोलाचं. कोणाही स्वतंत्र माणसाला देशाच्या कायद्याशिवाय किंवा त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय पकडायचं नाही, जमिनीवरून काढायचं नाही. म्हणजे राजाच्याही वर कायदा आहे, हे पहिल्यांदा एवढं स्पष्ट लिहून घेतलं गेलं.

पण 'स्वतंत्र माणूस' हा शब्द नीट ऐका. तेव्हाचे कितीतरी शेतकरी जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले होते, वेठ करत होते. ते त्यात बसत नव्हते.

दोन वर्षांनी, १२१७ मध्ये, जंगलाची वेगळी सनद निघाली. जॉन मेला होता, गादीवर त्याचा दहा वर्षांचा पोरगा होता. या सनदेत लिहिलं, की शिकारीपायी कुणाचा जीव किंवा अवयव घ्यायचा नाही. आधीच्या राजांनी लोकांचं नुकसान करून जंगलात ओढलेली जमीन मोकळी करायची. स्वतंत्र माणसानं जंगलात आपली डुकरं चारावीत, आपल्या रानातला मध काढावा. राखणदारानं पेंढ्या, कोकरं, पिल्लं गोळा करायची नाहीत. आठशेहून जास्त वर्षांपूर्वीचा हा कागद, पण त्यातली तक्रार आपल्या ओळखीची आहे.

सनद लिहिली म्हणून राजे पाळत होते असं नाही. संधी मिळाली की मोडायचे. पण लढाईला पैसा लागला की राजाला लोकांना बोलवावं लागे, आणि बोलावलेले म्हणत, आधी सनद कबूल कर, मग कर देऊ. या घासाघिशीतून पार्लमेंट वाढलं. १२६५ मध्ये सरदारांबरोबर जिल्ह्यांचे आणि शहरांचे प्रतिनिधीही बोलावले गेले. १२९७ मध्ये राजाला दोन्ही सनदा पुन्हा कबूल कराव्या लागल्या, आणि मोठ्या चर्चमध्ये त्या वर्षातून दोनदा लोकांपुढं वाचून दाखवाव्यात असं ठरलं. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून हक्क कानावर पडला पाहिजे, असं ठरवलं गेलं.

आता तीनशे वर्षं पुढं येऊ. चार्ल्स राजा म्हणू लागला, माझी सत्ता देवाची. १६२९ पासून अकरा वर्षं त्यानं पार्लमेंट बोलावलंच नाही. मग पैसा कुठून आणायचा? त्यानं जंगलाच्या जुन्या हद्दी उकरून काढल्या आणि त्यात सापडलेल्या जमीनवाल्यांना दंड ठोकला. शेवटी १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध झालं. राजा हरला. ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचं मुंडकं उडवलं.

त्याच साली एप्रिलमध्ये काही गरीब माणसं लंडनजवळ सेंट जॉर्ज टेकडीवरच्या पडीक रानात गेली आणि खोदून भाजीपाला, धान्य लावू लागली. त्यांना 'डिगर' म्हणत, म्हणजे खोदणारे. जेरार्ड विन्स्टॅन्ली हा त्यांचा पुढारी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. राजा गेला, तर राजाच्या नावानं दाबलेली जमीनही लोकांची झाली पाहिजे. आजूबाजूच्या जमीनदारांनी माणसं घालून त्यांची पिकं तुडवली, झोपड्या मोडल्या. वर्षभरात सगळं संपवलं. राजाशी लढलेलं पार्लमेंट त्यांच्या मदतीला आलं नाही.

पुढं राजेशाही परत आली, पण पूर्वीची ताकद राहिली नाही. १६८८ मध्ये आणखी एका राजाला पळून जावं लागलं. १६८९ मध्ये हक्कांचा कायदा झाला. पार्लमेंटला न विचारता राजानं कायदा स्थगित करायचा नाही, कर बसवायचा नाही, शांततेच्या काळात फौज ठेवायची नाही. राजाकडं अर्ज केला म्हणून कुणाला तुरुंगात टाकायचं नाही. ही मोठी कमाई होती, ती कमी लेखू नका.

पण आत बसले होते कोण? जमीनदार. १७२३ मध्ये याच पार्लमेंटनं तोंडाला काळं फासून राजाच्या जंगलात हरीण मारायला जाणाऱ्याला फाशीचा कायदा केला. आणि पुढं गायरानांना कुंपण घालणारे कायदे एकामागून एक केले. एकूण पाच हजारांच्या वर कायदे, सुमारे ६८ लाख एकर जमीन. पद्धत बघा. जमीनदार अर्ज करणार, पार्लमेंट मंजूर करणार, मग अधिकारी येऊन नकाशा काढणार आणि म्हणणार, ज्याचा हक्क असेल त्यानं मुदतीत दावा लावा. ज्याच्या बापजाद्यांनी गुरं चारली, सरपण आणलं, पण हातात कागद नव्हता, त्याला काहीच नाही. ज्याला तुकडा मिळाला त्याला कुंपणाचा खर्च झेपेना, त्यानं तो विकला.

आपल्यावरचा १९२७ चा जंगल कायदा याच वळणाचा आहे. राखीव जंगलाची नोटीस काढायची, दाव्यासाठी निदान तीन महिने द्यायचे, आणि दावा लावला नाही तर हक्क बुडाला. आपल्या आज्याला ती नोटीस कुणी वाचून दाखवली होती?

इंग्लंडच्या कष्टकऱ्यांनी हे ओळखलं. १८३८ मध्ये त्यांनी स्वतःची सनद काढली. प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, निवडून जायला मालमत्तेची अट नको, अशा सहा मागण्या. १८४२ च्या अर्जावर ३३ लाख सह्या होत्या. पार्लमेंटनं तो फेटाळला, अनेकांना तुरुंगात घातलं. तरी रेटा थांबला नाही. १८६७ मध्ये शहरातल्या बऱ्याच कामगारांना, १८८४ मध्ये खेड्यातल्या बऱ्याच मजुरांना, १९१८ मध्ये सगळ्या पुरुषांना आणि तिशीपुढच्या काही बायांना, आणि १९२८ मध्ये बायांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं.

आपल्याला घटनेनं बाई-पुरुष सगळ्यांना एकदमच मत दिलं. मॅग्ना कार्टातलं ते कलमही आपल्या घटनेत २१ आणि २२ या कलमांत आहे, आणि तिथं 'स्वतंत्र माणूस' अशी अट नाही. अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे, वकील गाठू दिला पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं पाहिजे. १९७४ चा जमीन परतीचा कायदाही आहे, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडं गेलेल्या जमिनींसाठी. कागद आहेत. पण राजेसुद्धा सनद मोडतच होते. मागं लोक उभे राहिले तेव्हाच ती पाळली गेली.

म्हणून दोन कामं ठरवू. दर पाड्यात महिन्यातून एकदा बैठक घेऊन ही कलमं मोठ्यानं वाचायची, वाचता येणाऱ्या पोरापोरींनी वाचायची. आणि गेलेल्या जमिनींची, कसत असलेल्या वनजमिनीची यादी गावानं स्वतः करायची: कुणाची, किती, कधीपासून, शेजारी साक्षीदार कोण. मुदतीची नोटीस येईल तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आधीच तयार राहू. मत मागायला जो येईल त्याच्यापुढं हीच यादी ठेवू आणि विचारू, आत गेल्यावर तू कुणाच्या बाजूनं हात वर करणार?

जिंदाबाद!